मूठभर जुनं घरटं

३ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

(तू माझ्याहून चार बोटं उंच झालीस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. पण तुला लिहायला बसलं की दुसरी सुरुवात सुचत नाही.)

कामाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. आमच्या संस्थेच्या तळमजल्यावरचे तीन जुने फ्रीजर मोडीत काढायचं ठरलंय. आत ज्यांचे डबे आहेत त्यांची यादी दारावर लावलीय. ज्याचं नाव, त्यानं २८ तारखेपर्यंत लेखी कळवायचं: ठेवा किंवा टाका. न कळवलं तर टाकणार. यादीत अठराव्या ओळीत तू आहेस. एक डबा. झाकणावर तुझं ते मुंग्या चालल्यासारखं अक्षर: 'तुलनेचे पिंजरे एक ते दहा. लेंड्या. दिवस एक ते चौदा.'

ज्या प्रयोगानंतर तू गेलीस, त्याचाच तो डबा. नऊ वर्षं उणे ऐंशी अंशांत बसून आहे बिचारा.

ऑफिसनं तुला मेल केला तो परत आला. माझा फोन तू उचलत नाहीस. आईच्या वेळी आलीस त्या दोन दिवसांत आपण कपाटाच्या किल्ल्या आणि उरलेली औषधं याखेरीज काही बोललो नाही. म्हणून हा कागद.

उंदरांच्या लेंड्यांसाठी ताई पत्र लिहिते, असं म्हणून हसशील. हस. पण 'ठेवा' असं कळव. कारण विचारू नकोस.

मी बरी आहे. उंदीरघरातच आहे अजून, तू चिकटवून दिलंस तिथंच. मला काम शिकवणारे आमचे मामा निवृत्त झाले. जाताना मला त्यांचे रबरी बूट देऊन गेले. दोन नंबर मोठे आहेत, मोजे घालून वापरते.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

उत्तर नाही. आठच दिवस झालेत म्हणा. पाणी तपासायच्या तुझ्या त्या केंद्रात टपाल आधी साहेबाच्या टेबलावर पडत असेल, असं मी माझी समजूत घालते.

आज तुला आवडेल असं काहीतरी सांगायचंय. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी एक नवी शास्त्रज्ञ आली. मी मनातल्या मनात तिला चष्मेवाली म्हणते, कारण ती चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा सगळीकडे शोधत असते. ती पोटातल्या जंतूंवर काम करते. तुझ्यासारखीच. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसते आणि स्वतःशी बोलावं तसं माझ्याशी बोलते.

काल म्हणाली, "ताई, माझा हा जंतू म्हणजे एक कोडं आहे हो. काचेच्या थाळीत रोगजंतूसमोर ठेवला की दोन दिवसांत हरतो. तोच उंदराच्या पोटात असला की रोगजंतूला उभा राहू देत नाही. थाळीत भित्रा, पोटात पैलवान."

मी सहज म्हटलं, "मग पोटात त्याला खायला कोण घालतं?"

तिचा घास हातातच राहिला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कोण सांगणार? स्वयंपाकघरात तू पाय आपटत बोलायचीस ना, 'थाळीत हरतो, पोटात जिंकतो, का? का? का?' आणि आई म्हणायची, 'अगं, घरच्या जेवणाचा फरक असेल.' तेव्हा आपण किती हसलो होतो. बुटके, आईचं बरोबर होतं.

चष्मेवालीनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. उंदीर आजारी पडला की खाणं टाकतो, हे मी रोज बघते. पाठ कमानीसारखी वर, केस पिंजारलेले, दाणे तसेच. त्यानं खाल्लं नाही म्हणजे आतल्या जंतूंनाही उपास. पण नेमकं त्याच वेळी आतड्याची भिंत आपल्या अंगावरची एक साखर सोडायला लागते. उंदराला त्या साखरेचा काही उपयोग नाही. ती फक्त आतल्या भल्या जंतूंसाठी. ते ती खातात, तग धरतात, जागा अडवून बसतात, रोगजंतूचा खाऊ संपवून टाकतात. वर त्यांच्या पोटातून असं आम्ल बाहेर पडतं की रोगजंतूला ते सोसत नाही. आणि ते भिंतीलाही जागं ठेवतात, मग भिंत आपल्यावरचा चिकट थर जाड करते. हिनं त्यांना जगवायचं, त्यांनी हिला राखायचं. दोघांपैकी एकटं कुणीच पुरं पडत नाही.

मी अकरा वर्षं पिंजरे बदलतेय. आजारी उंदीर बघून मला वाटायचं, हा आता सगळं सोडून बसलाय. तर सोडून कुठला बसलाय! स्वतः उपाशी राहून आत पंगत वाढतोय.

आईला एकदा ताप होता ते आठवतं? तू पाचवीत होतीस. तीन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि भिंतीला धरधरून उठून आपल्या दोघींची ताटं वाढली होती. तू म्हणालीस, 'तू का नाही जेवत?' ती म्हणाली, 'तुम्ही जेवलात की मला बरं वाटतं.' आपल्याला वाटलं, आया असं बोलायचंच म्हणून बोलतात.

शेवटी चष्मेवाली म्हणाली, "इथं पूर्वी कुणीतरी हाच जंतू धरला होता म्हणे. पण तिचा प्रयोग फसला. तुलनेच्या पिंजऱ्यांत काहीतरी घोळ झाला."

मी कप विसळत राहिले. एकच कप, बराच वेळ.

डब्याचं कळव.

ताई


१७ फेब्रुवारी

बुटके,

आज 'प्रिय' लिहिण्याचा हक्क मला आहे की नाही ते शेवटी तूच ठरव.

तुझा प्रयोग मला जेवढा कळला होता तेवढा लिहिते. चुकलं तर सुधार. सगळ्या उंदरांना पाण्यातून औषध देऊन त्यांच्या पोटातले जंतू तू आधी मारलेस. मग समोरच्या मांडणीवरच्या दहा पिंजऱ्यांना तू तीन वर्षं खपून शोधलेला तुझा भला जंतू दिलास. इकडच्या दहांना काहीच दिलं नाहीस. हे तुलनेचे. मग सगळ्यांना रोगजंतू. समोरचे बरे राहायला हवेत, इकडचे आजारी पडायला हवेत. म्हणजे सिद्ध झालं.

समोरचे बरे राहिले. पण इकडच्या दहांतलेही चार बरे राहिले. काही न देता.

मोठ्या सरांनी तुझं काम आधीच चार ठिकाणी मिरवलं होतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "बाई, चार पिंजरे बरे कसे राहिले ते सांगा, नाहीतर निष्काळजीपणा झाला असं लिहून द्या." तू सांगू शकली नाहीस. लिहूनही दिलं नाहीस. आठवड्यात निघून गेलीस.

आता माझं.

भिंतीवर तुझा कागद होता: 'पिंजरा बदलताना सर्व नवीन. जुना कणही नको.' खाली मी रोज सही करत होते. पण मला काम शिकवलं मामांनी, आणि मामांची एक पद्धत होती. पिंजरा बदलला की जुन्या घरट्यातली एक मूठ नव्यात टाकायची. ते म्हणायचे, "घर बदललं तरी घराचा वास राहू द्यावा. नाहीतर त्यांना वाटतं आपल्याला हाकललं." तू नसशील तेव्हा मी इतर पिंजऱ्यांत तसं करायची. हात आपोआप करायचा.

रोगजंतू द्यायच्या चार दिवस आधी बदलीचा दिवस होता. औषधानं इकडच्या उंदरांची पोटं बिघडली होती. चार पिंजऱ्यांतली घरटी पार ओली, घाण. ती टाकली. नवा पिंजरा, नवा भुसा, नवा कागद, आणि ते दोन-दोन जीव कोपऱ्यात थरथरत उभे. घरटं बांधेनात. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मग समोरच्या मांडणीवरच्या पिंजऱ्यांतून, जिथं घरटी छान उंच, कोरडी, ऊबदार होती, तिथून एक-एक मूठ काढली आणि यांच्यात टाकली. संध्याकाळी चारही ठिकाणी घरटी उभी होती. मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी गुणगुणत होते.

तिसरा, चौथा, सातवा आणि नववा पिंजरा.

मला वाटलं होतं, वास तेवढा जातो. घरट्यात लेंड्या असतात आणि उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात हे मला माहीत होतं, रोज बघत होते. पण त्याचा तुझ्या जंतूशी संबंध जोडण्याइतकी अक्कल त्या दिवशी नव्हती.

ती अक्कल आली नंतर, उंदीरघराच्या बोळात. तू हातात वही घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "ताई, तीन, चार, सात, नऊ. या चार पिंजऱ्यांत काही वेगळं झालं का? खरं सांग. मी रागावणार नाही."

ते आकडे ऐकताक्षणी मला कळलं. सगळं. आणि मी काय म्हटलं? "तू लिहून दिलंस तसंच केलं. आता तुझं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस."

तू 'बरं' म्हणालीस. एवढंच. त्यानंतर आपण नीट बोललोच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी नऊ वर्षं झाकलेली आहे, आणि बोटं आता उघडेनाशी झालीत.

डबा का ठेवायचा ते कळलं ना? तुझा जंतू त्या चौघांत गेला असेल तर तो त्या लेंड्यांत असणार. उरलेल्या सहांत नसणार. तू चुकली नव्हतीस, हे दुसऱ्या कुठल्याच जागी लिहिलेलं नाही. फक्त त्या डब्यात आहे. अकरा दिवस राहिलेत.

ताई


२१ फेब्रुवारी

बुटके,

तुझ्या उत्तराची वाट न बघता मी आज सांगून टाकलं. तू डबा फेकून द्या म्हणालीस तरी माझं सांगायचं राहू नये म्हणून.

चष्मेवाली चहा पीत होती. मी उभ्या उभ्या बोलले. मूठ, चार पिंजरे, खोट्या सह्या, बोळातलं बोलणं. तिनं डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला, परत डोक्यावरच ठेवला.

"म्हणजे ती तुमची बहीण?"

"सख्खी. धाकटी."

"आणि तुम्ही इतके दिवस माझ्याशेजारी बसून डबा खाताय!"

"हो."

ती उठून खिडकीपर्यंत गेली. मला वाटलं, आता चांगली झापणार. वळली तर तिचे डोळे चमकत होते. "ताई, तुम्हाला कळतंय का? मूठभर कागदातून तो जंतू चार घरांत पोचला, तिथं रुजला, आणि चार दिवसांत इतका तयार झाला की रोगजंतूला उभं राहू दिलं नाही. त्याला कुणी हातानं भरवलं नाही, मोजून पाजलं नाही. उंदरांनी त्याला आपणहून घरात घेतलं आणि सांभाळलं. यापेक्षा सुंदर प्रयोग मला मुद्दाम आखता आला नसता."

"आखलेला नव्हता," मी म्हटलं. "चूक होती."

"चूकच होती," ती लगेच गंभीर झाली. "सही केलीत ते फार वाईट केलंत. आणि हा पुरावा म्हणून एकटा चालणार नाही, नीट आखून परत करावा लागेल. पण डब्यात काय आहे ते बघायलाच हवं. आणि डबा तिचा आहे. तिच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही."

उंदीरघराच्या प्रमुखांनाही मी लिहून दिलं. सोमवारपासून मी धुलाईत. पिंजरे घासायचे, बाटल्या उकळायच्या. उंदरांना हात लावायचा नाही, चौकशी होईपर्यंत. मामांचे बूट तिथं बरोबर उपयोगी पडतील, पाण्यात उभं राहायचंय.

मामांना फोन केला. म्हटलं, तुमच्या मुठीनं घात केला.  तर म्हणाले, "मी मूठ घालायला शिकवलं होतं, पोरी. लपवायला नव्हतं शिकवलं."

सात दिवस राहिलेत.

ताई


१ मार्च

प्रिय बुटके,

लिहिते आहे 'प्रिय'. तू खोडून टाक हवं तर.

काल शेवटचा दिवस. फ्रीजर न्यायला माणसं आलेली, ढकलगाडी दाराशी. मी धुलाईतून दर दहा मिनिटांनी बाहेर डोकावत होते. चारच्या सुमारास ऑफिसातला कारकून यादी घेऊन आला आणि ओरडला, "अठरा नंबर राहू द्या रे! आत्ता कळवलंय." चष्मेवालीनं डबा दोन्ही हातांनी उचलला, तान्ह्या मुलाला उचलावं तसा. मी साबणाच्या हातांनी नुसती बघत राहिले.

आणि घरी आले तर दारात तुझं पाकीट.

ना 'प्रिय', ना 'ताई', ना खाली नाव. नुसते सात प्रश्न, मुंगीच्या अक्षरात. मी ते उभ्यानं तीनदा वाचले आणि मग पायरीवर बसून रडले. बुटके, किती ग तू तशीच आहेस! बाकी कुणीही मला शिव्या घातल्या असत्या. तू विचारलंस, 'मूठ म्हणजे किती? ग्रॅममध्ये.'

उत्तरं देते, क्रमानं.

एक. मूठ. आज प्रमुखांची परवानगी घेऊन, चष्मेवालीच्या देखत, कोऱ्या कागदाच्या दहा मुठी काट्यावर घातल्या. सर्वांत कमी ५.२, सर्वांत जास्त ६.९. सरासरी ६.१ ग्रॅम. तेव्हा हात थोडा भरलेला होता, पण बोटं तीच आहेत.

दोन. एकदाच. त्या एका बदलीला. त्यानंतर नाही.

तीन. समोरच्या कुठल्या पिंजऱ्यांतून, ते नक्की आठवत नाही. बहुतेक वरच्या रांगेतल्या, कारण वाकले नव्हते. आठवत नाही ते आठवतं म्हणून सांगणार नाही.

चार. हातमोजे बदलले होते. मूठ काढताना आणि टाकताना, दोन्ही वेळा. हसू नको.

पाच. मुठीत लेंड्या होत्या. मी झटकल्या नाहीत.

सहा. उरलेल्या सहा पिंजऱ्यांना काही नाही. त्यांची घरटी कोरडी होती, पण तुझा कागद आठवून मी तीही टाकली. म्हणजे जिथं दया आली नाही तिथं नियम पाळला.

सात. तू तिथं प्रश्नचिन्ह दिलेलं नाहीस. 'तेव्हा का नाही सांगितलंस.'

नोकरी जाईल म्हणून घाबरले, हे खरं आहे. पण ते सगळं खरं नाही. तू लहानपणापासून हुशार. गणित तुझं, बक्षिसं तुझी, आईची शाबासकी तुझी. मी पिंजरे धुणारी, तेही तू लावून दिलेल्या जागी. त्या बोळात, तू खाली मान घालून उभी असताना, एक क्षण मला बरं वाटलं होतं. की ही पण चुकते. एकच क्षण होता. पण त्या क्षणात मी जे बोलले ते परत घेता आलं नाही, आणि मग दिवसामागून दिवस त्यावर चढत गेले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चष्मेवालीलाही नाही. हे फक्त सातव्या प्रश्नाचं उत्तर.

ताई


३० मार्च

प्रिय बुटके,

चष्मेवालीनं तुला कळवलंच असेल, पण मला माझ्या हातानं लिहायचंय.

तीन, चार, सात, नऊ: आहे. उरलेल्या सहांत: नाही. एकाही दिवशी, एकाही लेंडीत नाही.

तिनं मला मुद्दाम धुलाईतून बोलावून पडद्यावर दाखवलं. पहिले काही दिवस चारही पिंजरे कोरे. मग बदलीचा दिवस. दुसऱ्या दिवशी तुझ्या जंतूची एक पुसट रेघ, तिसऱ्या दिवशी ठळक, चौथ्या दिवशी काळीभोर. मग तू रोगजंतू दिलास. तो दोन दिवस दिसतो, मग फिका होत जातो आणि तुझा जंतू मात्र तिथंच, बसल्या जागी. मी त्या रेघा बघत होते आणि मला दिसत होतं आतलं सगळं: भिंत साखर पुढं करतेय, हे खाताहेत, दारात दाटीवाटीनं बसलेत, आणि बाहेरून आलेल्याला टेकायला जागा नाही. इतक्या इवल्याशा पोटात एवढा समंजसपणा! आणि हे सगळं तू नऊ वर्षांपूर्वी ओळखलं होतंस. तेव्हा तुझ्या हातात एक जंतू होता आणि एक हट्ट. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे मी तुला आधी कधी म्हटलं नाही, ते सातव्या प्रश्नाच्याच उत्तरात येतं.

मोठे सर निवृत्त झालेत. पण संस्थेनं तुझ्या नावापुढचा तो निष्काळजीपणाचा जुना शेरा काढायचं ठरवलंय आणि माझं पत्र त्या फाइलला जोडलंय. माझी चौकशी संपली. वर्षभर धुलाईतच. मी हो म्हटलं. वर्ष काही फार नाही.

तू येते आहेस, तीन आठवडे, परत नीट आखून करायला. चष्मेवालीनं सांगितलं. मला नाही सांगितलंस, पण गाडीची वेळ मला कळवायला तिला सांगितलंस, तेही मला कळलं. दहा पिंजऱ्यांत ६.१ ग्रॅम, दहांत कोरा कागद, आणि कुठल्यात काय ते पिंजरे बदलणाऱ्यालाही माहीत नसणार. छान आखलंय. पिंजरे मी बदलणार नाही, काळजी नको. मी फक्त बाटल्या उकळीन.

राहायचं मात्र घरी. संस्थेच्या खोल्यांना वास येतो कसला तरी. मागची खोली तुझ्यासाठी लावलीय. पलंग नवा, गादी नवी, पडदे नवे, भिंतीला रंग. सगळं नवीन. फक्त उशीचा अभ्रा आईचा जुना घातलाय, निळ्या काठाचा, दोन ठिकाणी विरलेला.

या वेळी आधीच सांगून ठेवते. नको असेल तर काढून टाक.

तुझी
ताई